स्टिकपासून शिट्टीपर्यंत : क्रीडा प्रबोधिनीतील हॉकी आणि सातारा–सांगलीचा मुलूख

प्रास्ताविक

महाराष्ट्र शासनाच्या क्रीडा व युवक सेवा संचालनालयामार्फत चालवली जाणारी क्रीडा प्रबोधिनी ही राज्याच्या १९९६ च्या क्रीडा धोरणातून आकाराला आलेली निवासी प्रशिक्षणाची योजना असून, शाळकरी वयातील गुणी मुलामुलींना निवास, आहार, शालेय शिक्षण आणि एकाच खेळाचे सलग काही वर्षांचे शास्त्रशुद्ध प्रशिक्षण शासनाच्या खर्चाने मिळावे, हा तिचा मूळ हेतू आहे. राज्यात निरनिराळ्या ठिकाणी तिची केंद्रे उभी राहिली आणि प्रत्येक केंद्राला ठरावीक खेळ नेमून देण्यात आले. हॉकीचे प्रशिक्षण पुण्याजवळच्या बालेवाडी येथील श्री शिवछत्रपती क्रीडापीठात स्थिरावले. अशा संस्थेचा इतिहास पदकांच्या यादीवरून लिहिणे सोयीचे असले, तरी खेळाडू कोणी घडवला या प्रश्नाचे उत्तर त्या यादीत सापडत नाही, कारण गावातील शाळेपासून राष्ट्रीय शिबिरापर्यंत तीन-चार प्रशिक्षकांच्या हातांखालून गेल्यावर एक खेळाडू तयार होतो आणि यांपैकी प्रत्येकाला तो पुढच्याच्या स्वाधीन करावा लागतो. प्रस्तुत लेखात प्रबोधिनीतील हॉकीचा विचार सातारा व सांगली या दोन जिल्ह्यांपुरता आणि मुख्यतः प्रशिक्षक या घटकाच्या अंगाने केला आहे.

पूर्वपीठिका : आखाड्याचा मुलूख

कृष्णा, कोयना, वारणा, येरळा आणि नीरा या नद्यांच्या खोऱ्यांत पसरलेला हा मुलूख परंपरेने कुस्तीचा आहे. कराडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये बँटमवेट गटात कांस्यपदक मिळवून स्वतंत्र भारताला वैयक्तिक प्रकारातील पहिले ऑलिंपिक पदक दिले, तर सांगलीजवळच्या कवठे पिरानच्या मारुती माने यांनी १९६२ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक पटकावले. कुस्तीच्या जोडीला कबड्डी आणि खो-खो हे खेळ गावोगावी रुजले, कारण त्यांना आखलेले अंगण पुरत असे. हॉकीची गोष्ट निराळी होती. हा खेळ लष्करी छावण्या, रेल्वेच्या वसाहती आणि मिशनच्या शाळा यांच्या आश्रयाने वाढला. त्याला सपाट आणि मोठे मैदान लागते, दोन्ही बाजूंचे मिळून बावीस खेळाडू लागतात आणि प्रत्येकाच्या हातात स्टिक लागते. म्हणूनच मुंबईत आगाखान चषकाची स्पर्धा १८९६ पासून खेळली जात होती आणि पुण्याच्या खडकी छावणीच्या परिसरातून बाबू निमल १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकमधील विजयी संघात पोहोचले होते, तरी त्याच काळात खटाव, माण, तासगाव किंवा जत येथील शाळकरी मुलाच्या हाती हॉकीची स्टिक पडणे दुरापास्त होते. हेलसिंकीला खाशाबांनी कांस्यपदक मिळवले, त्याच स्पर्धेत भारतीय हॉकी संघाने सुवर्णपदक जिंकले. मात्र गोळेश्वरच्या पंचक्रोशीला त्या दिवसांत कळले आणि भिडले ते कुस्तीचे पदक.

या मुलखाला हॉकी नवखी असली, तरी खेळाडूने पुढे शिक्षक व्हावे ही कल्पना मात्र नवखी नव्हती. कुस्तीतून निवृत्त झालेला पैलवान तालमीत वस्ताद होतो, म्हणजे नव्या पोरांना डाव शिकवतो, त्यांच्या जोर-बैठकांची आणि खुराकाची मोजदाद ठेवतो, कोणत्या मैदानात कोणाशी जोड लावायची हे ठरवतो, आणि त्याच्या नावावरून पठ्ठ्याची ओळख सांगितली जाते. ही व्यवस्था शिकणाऱ्याला बांधून ठेवणारी आहे. चांगला पठ्ठ्या तालीम सोडून गेला तर वस्तादाला ते उणेपण वाटते. हॉकीच्या प्रशिक्षकाला याच्या बरोबर उलट वागावे लागते, कारण सांघिक खेळात वरच्या दर्जाचे सहकारी, वरच्या दर्जाचे प्रतिस्पर्धी आणि कृत्रिम हिरवळ यांच्याशिवाय खेळाडूची वाढ थांबते, आणि या तिन्ही गोष्टी तालुक्याच्या गावी एकत्र मिळत नाहीत.

खेळाडू प्रशिक्षक कसा झाला

भारतीय हॉकीत प्रशिक्षकाचे स्वतंत्र पद उशिरा रूढ झाले. पूर्वी संघातील जाणता खेळाडूच इतरांना शिकवी आणि प्रशिक्षणाचे वेगळे शिक्षण घेण्याची सोय नव्हती. ती सोय १९६१ मध्ये पतियाळा येथे मोतीबाग राजवाड्यात सुरू झालेल्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेने केली. या संस्थेचे नाव पुढे नेताजी सुभाषचंद्र बोस यांच्याशी जोडले गेले, तरी मैदानावरच्या बोलण्यात ती 'एनआयएस' म्हणूनच ओळखली जाते आणि 'एनआयएस केलेला कोच' ही शिक्षकाची पात्रता सांगण्याची सर्वमान्य रीत झाली आहे. खेळाचे तंत्र, शरीररचना, आहार, सरावाचे वेळापत्रक आखण्याचे शास्त्र आणि प्रत्यक्ष शिकवण्याचा सराव अशी या पदविका अभ्यासक्रमाची मांडणी असते. १९५६ मध्ये मेजर म्हणून लष्करातून निवृत्त झालेले ध्यानचंद पुढे याच संस्थेत हॉकीचे मुख्य प्रशिक्षक झाले, ही घटना या संदर्भात विशेष अर्थपूर्ण आहे; ज्यांच्या स्टिकला चेंडू चिकटून राहतो असे म्हटले जाई, त्या खेळाडूलाही आपली कला दुसऱ्याला समजेल अशा टप्प्यांत मोडून सांगण्याचे काम नव्याने हाती घ्यावे लागले.

खेळाडूचे प्रशिक्षकात रूपांतर होण्यामागे उपजीविकेचाही भाग होता. क्रिकेटमध्ये व्यावसायिक खेळाडू म्हणजे खेळाच्या मानधनावर जगणारा, असा अर्थ असला, तरी हॉकीतील व्यावसायिकता दीर्घकाळ नोकरीच्या रूपात राहिली. रेल्वे, लष्कर, पोलीस, बँका आणि तेल कंपन्या खेळाडूला आपल्या संघासाठी भरती करीत, तो सकाळ-संध्याकाळ सराव करी आणि हंगाम संपला की कार्यालयात हजर होई. २००५ मधील प्रीमियर हॉकी लीग, २०१३ पासूनची हॉकी इंडिया लीग आणि २०२५ च्या जानेवारीत रांचीला प्रथमच झालेली तिची महिलांची आवृत्ती यांमुळे थेट मानधनाचा मार्ग खुला झाला, परंतु तो थोड्यांसाठी आणि थोड्या वर्षांसाठी आहे. तिशी ओलांडल्यावर बहुतेकांपुढे नोकरीत रुळणे किंवा शिट्टी गळ्यात घालणे हेच दोन पर्याय उरतात. १९८० च्या मॉस्को ऑलिंपिकमधील सुवर्णविजेत्या संघातील महाराज कृष्ण कौशिक यांनी दुसरा पर्याय निवडला आणि १९९८ च्या बँकॉक आशियाई स्पर्धेत ते प्रशिक्षक असलेल्या संघाने तब्बल ३२ वर्षांनी भारताला सुवर्णपदक मिळवून दिले. त्या संघाचे कर्णधार होते खडकीचे धनराज पिल्ले.

गवतावरून टर्फवर

प्रशिक्षकांच्या ज्ञानाची सर्वांत मोठी कसोटी १९७६ मध्ये लागली. त्या वर्षीच्या माँट्रियल ऑलिंपिकमध्ये हॉकी प्रथमच कृत्रिम हिरवळीवर, म्हणजे खेळाडूंच्या भाषेत टर्फवर, खेळली गेली आणि तोवर सात सुवर्णपदके जिंकलेला भारत सातव्या स्थानावर फेकला गेला. गवताच्या किंवा मुरमाच्या मैदानावर चेंडू खड्ड्याला लागून उडतो, मंदावतो, दिशा बदलतो. त्यामुळे तेथे मनगटाचे कसब, चकवा आणि चेंडू जवळ बाळगून पळण्याची सवय यांना मोल असते. पाणी मारलेल्या टर्फवर चेंडू सरळ आणि कितीतरी वेगाने घसरत येतो; तो अडवण्यासाठी खेळाडूला गुडघ्यांत वाकून स्टिक जमिनीलगत आडवी धरावी लागते, आणि चेंडू मिळाल्यावर तीन जणांना चकवण्यापेक्षा मोकळ्या सहकाऱ्याकडे क्षणात पास देणे अधिक फलदायी ठरते. गवतावर घडलेल्या प्रशिक्षकाला स्वतःची अर्धी विद्या बाजूला ठेवून नवी शिकावी लागली, आणि ज्या मुलांना टर्फ वयाच्या अठराव्या वर्षी प्रथम दिसे, त्यांना ती नवी सवय अंगी बाणवताना उशीर झालेला असे.

प्रबोधिनीचे महत्त्व येथे ध्यानात येते. १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी बालेवाडीला उभारलेल्या आणि २००८ च्या राष्ट्रकुल युवा स्पर्धांच्या वेळी नव्याने सजवलेल्या क्रीडानगरीत ग्रामीण भागातील मूल बारा-चौदाव्या वर्षीच टर्फवर उतरू लागले. फलटणपासून बालेवाडीचे अंतर शंभर-सव्वाशे किलोमीटर आहे. मुरमाच्या मैदानापासून टर्फपर्यंतचे अंतर मात्र त्याआधीच्या पिढीला क्वचितच ओलांडता आले होते.

निवडीची रीत

प्रबोधिनीत प्रवेशासाठी घेतली जाणारी चाचणी शिक्षकांच्या तोंडी 'बॅटरी टेस्ट' म्हणून रूढ आहे. एकामागून एक घेतल्या जाणाऱ्या लहान चाचण्यांचा संच असा या शब्दाचा अर्थ असून, उंची, वजन, उभ्याने मारलेली लांब उडी, उभी उंच झेप, ३० मीटर धाव, ६ गुणिले १० मीटरची मागे-पुढे धाव, ८०० मीटर धाव, मेडिसिन बॉलची फेक आणि लवचिकता अशा नऊ बाबी तीत मोजल्या जातात. साधारण ८ ते १४ या वयोगटातील मुलांची तपासणी तालुक्यापासून वर सरकत जाते. या यादीत हॉकीची स्टिक कोठेही नाही, हे लक्षात घेण्यासारखे आहे. मूल कोणता खेळ खेळते यापेक्षा त्याचे शरीर कोणत्या खेळाला अनुकूल आहे, हे पाहण्याची ही रीत असल्याने, ज्या शाळेत हॉकीचे एकही साहित्य नाही त्या शाळेतील शिक्षकही भावी हॉकीपटू पाठवू शकतो. मुलांना रोज पहाटे पळवणे, उड्या मारायला लावणे आणि सेकंदांची नोंद ठेवणे एवढे त्याच्या आवाक्यात असते.

या रीतीचे सर्वाधिक ज्ञात उदाहरण हॉकीबाहेरचे असले, तरी ते याच मुलखातील असल्याने येथे सांगणे उचित ठरेल. फलटण तालुक्यातील सरडे गावचा प्रवीण जाधव याला जिल्हा परिषदेच्या शाळेतील शिक्षक विकास भुजबळ यांनी धावण्याच्या सरावाला लावले आणि त्याच्या आहाराकडेही लक्ष पुरवले; धावपटू म्हणून तो प्रबोधिनीत दाखल झाला, परंतु तेथे प्रगती खुंटल्यावर त्याचा खेळ बदलण्याचा विचार झाला. दहा मीटरवरील कड्यातून दहापैकी दहा चेंडू त्याने अचूक पार केले, तेव्हा त्याला तिरंदाजीकडे वळवण्यात आले आणि पुढे तो टोकियो ऑलिंपिकमध्ये भारतातर्फे खेळला. शाळेतील शिक्षकाने धावपटू म्हणून पाठवलेले मूल तिरंदाज होऊन परतते, याचा अर्थ पहिल्या शिक्षकाने आपल्या खेळाचा आग्रह धरलेला नसतो. मूल मैदानात टिकावे, मग खेळ कोणताही असो, ही भूमिका घेणाऱ्या शिक्षकांच्या भरवशावर ही निवडपद्धती चालली आहे.

साताऱ्याच्या मुली

प्रबोधिनीच्या हॉकी केंद्रातून पुढे आलेल्या खेळाडूंमध्ये सातारा जिल्ह्यातील मुलींची नावे ठळकपणे दिसतात. फलटण तालुक्यातील आसू येथील वैष्णवी विठ्ठल फाळके ही २०२३ च्या हांगझोऊ आशियाई स्पर्धेत कांस्यपदक मिळवणाऱ्या आणि त्याच वर्षी रांचीला आशियाई चॅम्पियन्स करंडक जिंकणाऱ्या भारतीय संघात होती. वाखरीची अक्षता आबासो ढेकळे २०२२ मध्ये दक्षिण आफ्रिकेतील पॉचेफस्ट्रूम येथे झालेल्या कनिष्ठ विश्वचषकात चौथ्या आलेल्या संघातून खेळली. ऋतुजा दादासो पिसाळ हिने २०२३ च्या सॅन्टियागो कनिष्ठ विश्वचषकात उपकर्णधारपद भूषवले. २०२४ च्या जानेवारीत मस्कतला झालेल्या महिलांच्या पहिल्या हॉकी फाइव्ह्ज विश्वचषकात, म्हणजे लहान मैदानावर प्रत्येकी पाच जणींनी खेळायच्या जलद प्रकारात, भारत उपविजेता ठरला. त्या दहा जणींच्या संघात अक्षता आणि ऋतुजा या दोघी होत्या.

या नावांतील 'आबासो' आणि 'दादासो' ही आबासाहेब आणि दादासाहेब यांची दक्षिण महाराष्ट्रातील व्यवहारात रूढ झालेली आखूड रूपे आहेत. शाळेचा दाखला, सात-बारा आणि सोसायटीच्या यादीत ती तशीच लिहिली जातात. वडिलांचे नाव मधे लावण्याची ही गावाकडची रीत आंतरराष्ट्रीय सामन्यांच्या संघपत्रकांतही तशीच उतरली. २०२५ च्या सप्टेंबरमध्ये हांगझोऊच्या महिला आशिया चषकात भारताने कोरियाला ४–२ असे हरवले, त्या सामन्यातील पहिला गोल वैष्णवीने दुसऱ्या मिनिटाला आणि अखेरचा ऋतुजाने शेवटच्या मिनिटांत केला. एका जिल्ह्यातील, एकाच प्रबोधिनीच्या दोन मुलींची नावे एका आंतरराष्ट्रीय सामन्याच्या गोलपत्रकात अशी आदि-अंती आली. त्या स्पर्धेत भारताने रौप्यपदक मिळवले.

सरावाचे स्वरूप

या यशामागील काम किती बारकाव्याचे असते, हे पेनल्टी कॉर्नर या एकाच प्रसंगावरून दाखवता येते. गोलपुढच्या १४.६३ मीटर त्रिज्येच्या अर्धवर्तुळात, ज्याला खेळाडू 'डी' म्हणतात, बचाव करणाऱ्याकडून नियमभंग झाल्यास हल्ला करणाऱ्या संघाला ही संधी मिळते. एक खेळाडू गोलखांबापासून किमान दहा मीटरवर, मागच्या रेषेवरून चेंडू आत ढकलते, दुसरी डीच्या माथ्यावर तो स्टिकने जागीच थांबवते आणि तिसरी तो लगेच गोलकडे फेकते. गोलरक्षक धरून पाचच बचावपटू रेषेमागे उभ्या असतात आणि चेंडू ढकलला जाताच त्या धावत सुटतात. हा सारा व्यवहार दोन सेकंदांच्या आत आटोपतो. चेंडू ढकलणारीचा हात किंचित उचलला गेला तर चेंडू उडतो, थांबवणारीची स्टिक बोटभर वर राहिली तर तो खालून निसटतो, आणि फेकणारीचे पहिले पाऊल चुकले तर धावत येणारी बचावपटू तिच्यापर्यंत पोहोचलेली असते. म्हणून प्रशिक्षक तिघींचा सराव आधी वेगवेगळा घेतो. ढकलणारीला केवळ ढकलायला आणि थांबवणारीला केवळ थांबवायला लावून, शेकड्याने आवर्तने झाल्यावरच त्यांना एकत्र आणतो. प्रेक्षकाला गोल मारणारी दिसते, तर प्रशिक्षकाची नजर चेंडू थांबवणारीच्या मनगटावर असते. उत्तम खेळाडूला उत्तम प्रशिक्षक होताना अडचण येते ती बहुधा येथेच, कारण जी क्रिया त्याच्या अंगवळणी पडून विस्मरणात गेलेली असते, ती पुन्हा तुकड्या-तुकड्यांत आठवून दुसऱ्याला सांगावी लागते.

साखळीचा वरचा टप्पा

प्रबोधिनीतून बाहेर पडलेली खेळाडू राष्ट्रीय शिबिरात जाते, तेव्हा तिला तेथे भेटणारा प्रशिक्षकही बहुधा कधीकाळचा खेळाडूच असतो. ऋतुजा उपकर्णधार असलेल्या सॅन्टियागोच्या संघाचे प्रशिक्षक तुषार खांडकर हे झाशीचे. ध्यानचंदांच्या याच गावात १९८५ मध्ये जन्मलेले हे आघाडीपटू २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये भारतीय संघातून खेळले होते. तो संघ बारा देशांत बाराव्या क्रमांकावर राहिला. पराभवाचा असा अनुभव गाठीशी असलेल्या खेळाडूने पुढे कनिष्ठ मुलींचा संघ हाती घेतला. २०२३ च्या विश्वचषकात त्या संघाला नववे स्थान मिळाले, पण २०२४ च्या डिसेंबरमध्ये मस्कतला चीनला पेनल्टी शूटआउटमध्ये नमवून याच वयोगटाच्या संघाने कनिष्ठ आशिया चषक जिंकला. फलटणच्या मैदानावर धावायला शिकलेली, बालेवाडीत स्टिक धरायला शिकलेली आणि राष्ट्रीय शिबिरात झाशीच्या प्रशिक्षकापाशी सामना वाचायला शिकलेली खेळाडू कोणा एकाची शिष्या म्हणता येत नाही.

सांगलीचा वाटा

सांगली जिल्ह्याचे क्रीडाजीवन वैयक्तिक कौशल्याच्या खेळांत अधिक फुलले. बॅडमिंटनपटू नंदू नाटेकर आणि क्रिकेटपटू विजय हजारे यांचा जन्म सांगलीचा, स्मृती मानधनाची क्रिकेटची जडणघडण सांगलीत झाली, आणि २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत भारोत्तोलनाच्या ५५ किलो गटात रौप्यपदक मिळवणारा संकेत सरगर वडिलांच्या पानटपरीवर हातभार लावून सराव करीत असे. सातारा आणि सांगली हे दोन्ही जिल्हे १९६२ मध्ये स्थापन झालेल्या कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाच्या कक्षेत असल्याने महाविद्यालयीन खेळाडूंची गाठ एकाच आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत पडते, आणि शारीरिक शिक्षण शिक्षकांची एक समान पिढी या व्यवस्थेतून दोन्ही जिल्ह्यांतील शाळांना मिळत गेली. तालुका क्रीडा स्पर्धांत पंच म्हणून उभे राहणारे, मुलांना एसटीच्या गाडीतून जिल्ह्याच्या गावी नेणारे आणि परत आल्यावर पालकांना समजावणारे हे शिक्षक प्रबोधिनीच्या आस्थापनेवर नसले, तरी तिच्या प्रवेशप्रक्रियेचा खरा पाया तेच आहेत. मुलीला वसतिगृहात ठेवायला राजी नसलेल्या घराचा उंबरठा सर्वप्रथम त्यांनीच ओलांडलेला असतो.

समारोप

प्रबोधिनीच्या स्थापनेला तीन दशके होत असताना तिच्या हॉकीच्या वाटचालीतील पहिला टप्पा, म्हणजे गावाकडच्या मुलीला भारतीय संघापर्यंत नेणे, साध्य झाल्याचे म्हणता येईल. दुसरा टप्पा अद्याप पुढे आहे. कुस्तीच्या परंपरेत निवृत्त पैलवान आपल्याच गावात तालीम उघडतो, म्हणून आखाड्याची विद्या गावात टिकून राहते; हॉकीची खेळाडू मात्र नोकरीच्या शहरात स्थिरावते आणि तिच्याबरोबर तिची विद्याही गावाबाहेर राहते. राज्य शासनाच्या नोकऱ्यांत खेळाडूंसाठी असलेल्या ५ टक्के आरक्षणाने उपजीविकेचा प्रश्न काही अंशी सोडवला, परंतु नोकरीत असलेल्या माजी खेळाडूला काही वर्षे आपल्या तालुक्यात शिकवता यावे, त्याने प्रशिक्षणाची पदविका घ्यावी आणि ती घेताना त्याच्या पगाराला व सेवाज्येष्ठतेला धक्का लागू नये, अशी तजवीज झाली, तरच खेळाडूपासून प्रशिक्षकापर्यंतची ही साखळी जिथून सुरू झाली तिथे परत येऊन मिळेल.

आंतरराष्ट्रीय सामन्याच्या पत्रकात संघाच्या प्रशिक्षकाचे नाव छापले जाते, मुलीला पहिल्यांदा पळायला लावणाऱ्या शिक्षकाचे नाव छापण्याची रीत नाही. वैष्णवी, अक्षता किंवा ऋतुजा यांच्यापैकी कोणी उद्या आसूच्या किंवा वाखरीच्या मैदानावर शिट्टी घेऊन उभी राहिली, तर तिच्यापुढेही एक दिवस तोच प्रसंग येईल : हाताखाली तयार झालेली सर्वांत चपळ मुलगी बालेवाडीच्या गाडीत बसवून देण्याचा. त्या दिवशी तिला आपल्या पहिल्या शिक्षकाचे काम आतून कळेल, आणि प्रबोधिनीच्या इतिहासातील न छापलेले नाव तिच्यापुरते तरी भरून निघेल.